ओठांवरचा आवाज

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडावर मास्क चढवला आणि त्या बोलायच्या थांबल्या. आप्पांना त्यात काही वावगं वाटलं नाही. कामाला लागल्यावर माणसानं तोंड बंद ठेवावं हे त्यांचं जुनं मत होतं, आणि दातांच्या डॉक्टरानं तर ठेवावंच, कारण समोरच्याला उलट उत्तर देण्याची सोय नसते. ते खुर्चीत आडवे पडून वरच्या दिव्याकडे बघत राहिले. डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग बाईंनी भुवया उंचावल्या. आप्पांनीही रीत म्हणून उंचावल्या. शेवटी बाईंनी मास्क खाली ओढला आणि त्यांचा आवाज आला, "आजोबा, केव्हाची सांगतेय, तोंड उघडा!" "आत्ताच तर सांगितलंत," आप्पा म्हणाले. बाईंनी मास्क वर केला. आवाज गेला. खाली केला. आवाज आला. जणू आवाजाची कळ त्या मास्कच्या नाडीलाच बांधलेली होती. डॉक्टरीणबाई हुशार होत्या. त्या उठून खुर्चीच्या मागे गेल्या. तिथे त्यांनी काय केलं ते आप्पांना कळलं नाही, फक्त पाठीला एक बारीक थरथर जाणवली. त्यांनी हत्यारांचा ट्रे फरशीवर आपटला होता, आणि बाहेर बसलेला एक पेशंट दात न दाखवताच घरी निघून गेला होता, हे मागाहून समजलं. मग बाई समोर आल्या, मास्क हनुवटीवर घेऊन अगदी जवळ बसल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला ऐकू येत नाही." हे वाक्य आप्पांनी स्वच्छ ऐकलं.

दात तसाच ठेवून ते रस्त्यावर आले, आणि आयुष्यभर वापरलेल्या रस्त्याकडे चोरून बघावं तसे बघू लागले. एक ट्रक गेला. तो कानांतून न जाता तळपायांतून गेला. दोन बायका बोलत समोरून आल्या, त्यांचं बोलणं नीट ऐकू आलं, पालक, जाऊ आणि गुडघा असे विषय होते. त्या शेजारून पुढे गेल्या आणि जाऊ अर्ध्यावरच नाहीशी झाली. आप्पा थांबले, वळले. पाठमोऱ्या बायका मुक्या होत्या. गेली कित्येक वर्षं जग हळूहळू सभ्य होत चाललं आहे अशी त्यांची समजूत होती. वरच्या मजल्यावरची मुलं नाचायची थांबली होती, शेजारच्यानं बायकोवर ओरडणं सोडलं होतं, गाड्या भोंगे वाजवीनाशा झाल्या होत्या. पाखरं दिसत, पण बोलत नसत, ते त्यांनी हवा बिघडल्याच्या खाती टाकलं होतं. नवी घड्याळं बिनआवाजाचीच असतात. रेडिओ त्यांनी स्वतःहून बंद केला होता, हल्लीच्या गायकांत दम नाही म्हणून. प्रत्येक आवाजानं जाताना काहीतरी सबळ कारण दिलं होतं, आणि नोकरीतल्या माणसांचे रजेचे अर्ज मंजूर करावेत तसे आप्पांनी ते एकेक करून मंजूर केले होते. आता सगळं खातं रिकामं झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की यातलं कोणीच कामावर परत आलेलं नाही.

खातं म्हणजे कापडगिरणीतलं मागखातं. आप्पांचं उभं आयुष्य तिथे गेलं होतं. एका छपराखाली नजर पोचणार नाही इतके माग, आणि प्रत्येकावर धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातोय, तिकडून परत फेकला जातोय. त्याला आवाज म्हणणं म्हणजे समुद्राला ओल म्हणणं. पहिल्या दिवशी तरणाताठा आप्पा दारात उभा राहिला तेव्हा त्याला वाटलं होतं, ही सगळी माणसं रवंथ करताहेत. जो तो जबडा हलवत होता. कोणी काही शिकवलं नाही. शिकवणार कसं, शिकवायला बोलावं लागतं. महिनाभर तो त्या गडगडाटात एकटा होता, आणि मग एका सकाळी समोरच्या मागावरचा म्हातारा विणकर त्याला म्हणाला, "तुझ्या तिसऱ्या मागावर धागा गेलाय." आप्पानं वळून गाठ मारली, परत मागाशी आला, आणि मग त्याच्या अंगावर काटा आला. तो ऐकू आला होता. जाड, घोगरा, दमदार आवाज. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आल्यावर त्या म्हाताऱ्याचा खरा आवाज ऐकला तर तो शिट्टीसारखा बारीक निघाला. पण सुट्टी संपून पुन्हा आत गेल्यावर म्हातारा बोलला तो बारीक आवाजातच. डोक्यात कोणीतरी बसलं होतं, आणि त्यानं धोट्यातली सुताची संपलेली कांडी काढून नवी भरावी तसा आवाज बदलून घेतला होता, मालकाला न विचारता.

ओठांवर वाचायच्या त्या बोलीचा कोणी कर्ता नव्हता. घशातून येणारी अक्षरं ओठांवर दिसत नाहीत, म्हणून ती असलेले शब्द लोक टाळत. त्यांच्याऐवजी दिसणारे शब्द घेत. 'परंतु', 'किंबहुना', 'माझ्या म्हणण्याचा अर्थ असा' असलं काही त्या गोंगाटात टिकत नसे, त्यामुळे खात्यात वाद फार होत नसत. खात्यातल्या माणसांचे विचारही मग तसेच आखूड आणि ठळक होत गेले. आप्पांना लांबलचक वाक्यं बोलणाऱ्यांबद्दल आजही संशय येतो. पाठ फिरवून बोलणं हे थुंकण्याइतकं वाईट समजलं जाई. कोणाला गुपित सांगायचं असेल तर तो तोंडावर आडवा हात धरी, आणि असा हात दिसला की सगळी रांग आपापला माग सोडून तिकडे बघायला लागे. मिशी कोणी ठेवत नसे. ठेवली तर तो माणूस बोलायला माणूस नाही म्हणून झुरला असता. खात्याच्या मधोमध एक भला थोरला लोखंडी खांब होता. त्याच्या पलीकडचं दिसत नाही, म्हणून अलीकडच्यांना पलीकडच्यांच्या बातम्या कळत नसत. अलीकडच्यांची लग्नं अलीकडच्यांशी जुळत, पलीकडच्यांची पलीकडे. काही वर्षांनी अलीकडचे लोक म्हणू लागले, "पलीकडची माणसं जरा आतल्या गाठीचीच." एवढा सगळा समाज, त्याची सोयरीक, त्याचा आपपरभाव, एका खांबानं घडवला होता, आणि खांबाला त्याची गंधवार्ता नव्हती.

माई खांबाच्या अलीकडे होती, हे आप्पांचं नशीब. तीन रांगा सोडून तिचे माग होते. ती बोलायला लागली की त्याचा धागा तुटायचा. लग्नाचं त्यानं तिला मागावरूनच विचारलं, सगळ्या रांगेच्या देखत. दुसरी सोयच नव्हती. तिच्या आधी आठदहा जणांनीच होकार देऊन टाकला. तोवर त्यानं तिचा खरा आवाज ऐकला नव्हता. बायकांची पाळी आधी सुटे, फाटक वेगळं होतं. डोक्यातल्या त्या कारागिरानं तिला आपल्या मनानं कुठलातरी गोड आवाज दिला होता आणि आप्पाचं काही अडत नव्हतं. मग एका दुपारी वीज गेली. सगळे माग एकदम थांबले. ती शांतता अंगावर छप्पर कोसळावं तशी कोसळली. आणि नवल असं, की आता आवाज काढून बोलता येईल हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. सगळं खातं ओठ हलवत राहिलं, बिनआवाजाचं, कोणी तक्रार करतंय, कोणी चेष्टा करतंय, कोणी मुकादमाची नक्कल करतंय, आणि छपराखाली सुई पडली तरी ऐकू यावी. मग कोणीतरी फिसकन हसलं आणि सगळे दचकले. आप्पा माईकडे बघून मोठ्यानं काहीतरी म्हणाला, काय ते आता आठवत नाही. ती त्याच्याकडे वळून म्हणाली, "तुमचा आवाज असा आहे होय?" किंचित जाडसर आवाज, आणि वाक्याच्या शेवटी तो जरा वर चढून तिथेच थबके, पायरी चुकल्यासारखा. डोक्यातल्या कारागिरानं निमूट आधीचा आवाज उतरवला आणि हा चढवला.

घराचं दार माईनं उघडलं. "काढला दात?" ती म्हणाली. जाडसर आवाज, शेवटी वर चढून थबकला. आप्पा उंबऱ्यातच उभे राहिले. "अहो, काढला का?" आप्पांनी डोळे मिटले. "क..." इथवर आवाज आला आणि दोरी कापावी तसा कापला गेला. डोळे उघडले. "...काय करताय हे? चक्कर येतेय का?" मिटले. नाही. उघडले. आहे. समोर पांढऱ्या केसांची, चष्मा कपाळावर सारलेली, थोडी वाकलेली बाई उभी होती, आणि तिच्या तोंडून वीज गेलेल्या दुपारची मुलगी बोलत होती. म्हणजे इतकी वर्षं हिनं ओठ पुरवले होते आणि आवाज आपण. आप्पांना भीती वाटली नाही, वाईटही वाटलं नाही. मोठ्या यंत्राच्या पोटात पहिल्यांदा दिवा घेऊन उतरावं तसं त्यांना झालं. कोणी सांगितलं होतं हे करायला? पगार नाही, हजेरी नाही, रजा नाही. कान एकेक करून काम सोडत गेले, आणि डोळ्यांनी कोणाला कळू न देता त्यांची पाळी भरून काढली.

त्या दिवसापासून ते घरभर मुक्यानं फिरून घरच्यांचे आवाज तपासत. सूनबाईचा आवाज हसरा होता. तो आधी ऐकलेला, त्यात खोट नव्हती. पण चिंगीचा? ही नात जन्मली तेव्हा कान बहुधा गेलेलेच होते. तरी चिंगी बोले आणि आप्पांना ऐकू येई, टणटणीत, जरासा नाकात. आणि एकदा ती आरशासमोर उभी राहून स्वतःशीच भांडत असताना त्यांना एकदम उमगलं, हा आवाज आपल्या धाकट्या बहिणीचा. बहीण आता स्वतः आजी होऊन दुसऱ्या गावी गुडघे चोळत बसली आहे, आणि तिचा सातव्या वर्षीचा आवाज इथे वाया जाऊ नये म्हणून कोणीतरी चिंगीला वापरायला दिला आहे. काटकसर तरी किती! आप्पा तिथेच स्टुलावर बसले आणि पुष्कळ वेळ हसले. माईनं खुणेनं विचारलं, काय झालं? त्यांनी तोंडावर आडवा हात धरला. ती लगेच जवळ आली. आप्पांनी नुसतं चिंगीकडे बोट दाखवलं.

फक्त मुलाचा आवाज त्यांना सापडत नव्हता. मुलानं नोकरीत वर चढल्यावर दाढी ठेवली होती, भरघोस, ओठ झाकणारी. तेव्हापासून तो आपल्याशी तोंडातल्या तोंडात पुटपुटतो, धड बोलत नाही, हा आप्पांचा जुना सल होता. विणकराचा मुलगा साहेब झाला, आता बापाशी बोलायची लाज वाटते. त्यांनीही मग त्याच्याशी बोलणं तोडलं नाही, पण आखडतं घेतलं. मुलाची बाजू त्यांना आता कळली ती सूनबाईकडून. "आप्पा, ते म्हणतात, मी काही विचारलं की आप्पा दुसरीकडेच बघतात. मी कमी पडलो का काय त्यांना." एवढी वर्षं बापलेकांच्या मधे एक दाढी उभी होती, त्या खांबासारखी, आणि दोघेही तिच्या अलीकडून-पलीकडून एकमेकांना आतल्या गाठीचे म्हणत होते.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून कागदावर डोंगरावरून घसरत जाणारी एक रेघ दाखवली. "मागांनी खाल्लेत कान," ते म्हणाले. "पण तुम्ही इतकी वर्षं निभावलंत कसं, याचंच मला आश्चर्य वाटतं. यंत्र लावू. सगळं ऐकू येईल." "सगळं नको," आप्पा म्हणाले. डॉक्टर हसले, त्यांना तो विनोद वाटला. मुलगा हसला नाही. घरी आल्यावर त्यानं हातवारे करून पुष्कळ समजावलं, ते दाढीत गेलं. सूनबाईनं दुभाषाचं काम केलं. "ते म्हणतात, हट्ट कशाला? कोणाला दिसणारसुद्धा नाही इतकं बारीक असतं." "दिसण्याचं नाही गं." "मग?" मग काय सांगणार? की यंत्र लावलं आणि माई बोलली, तर तिचा आजचा आवाज आत येईल, आणि तो कारागीर नेहमीप्रमाणे विचारणारसुद्धा नाही, जुना उतरवून नवा चढवील. त्याचा धंदाच तो. आणि मग ती जाडसर, शेवटी थबकणारी मुलगी कुठे जाईल? तिला ऐकणारं जगात दुसरं कोणी नाही. हे घरात सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, आप्पांना आता दुसऱ्या डॉक्टरकडे न्यायला हवं.

तेव्हा ते नाही म्हणत राहिले, आणि म्हातारा माणूस नुसता नाही म्हणत राहिला की घरातले त्याच्यापुढे हात टेकतात, तसे टेकले. पण एका रविवारी सकाळी आप्पा खिडकीत बसले असताना कोणीतरी येऊन समोर उभं राहिलं. ओळखीचा चेहरा, पण खालचा अर्धा नवा, पांढुरका, वस्तऱ्यानं दोन ठिकाणी कापलेला. "आप्पा, आता कळतंय मी काय बोलतोय ते?" कॉलेजात जाणाऱ्या मुलाचा आवाज होता. उतावळा, शब्द एकमेकांवर आदळणारा. कानशिलं पिकलेल्या, पोट सुटलेल्या साहेबाच्या तोंडून तो वयात आलेला पोरगा बोलत होता. "कळतंय," आप्पा म्हणाले. "बोल." मुलगा बोलायला लागला आणि थांबेना. ऑफिसातलं, तब्येतीचं, चिंगीच्या शाळेचं, बापानं कधीच विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगूनही पोचलं नव्हतं ते सगळं. बोलता बोलता तो दर वाक्याला हनुवटी चाचपत होता, गेलेलं पाकीट चाचपावं तशी. आप्पांना एकच दिसत होतं, यानं आपली दाढी दिली. आणि आपण याला अजून त्याच जुन्या आवाजात ऐकतोय, आजचा हा माणूस आपण ऐकलेलाच नाही. दोघांमधला खांब यानं आपल्या बाजूनं पाडला. आता आपण माईसाठी आपल्या बाजूचा उभाच ठेवायचा म्हटला, तर ठेवता येतो. पण मग या पोराचं काय? "उद्या चल," ते म्हणाले. "बसवून टाकू ते यंत्र." मुलाचा चेहरा असा फुलला, की आप्पांना मान फिरवावी लागली, म्हणजे त्याचं पुढचं वाक्य बुडालं.

निघण्यापूर्वी त्यांनी माईला समोर बसवलं. "बोल." "काय बोलू?" "काहीही. बोलत राहा." "वेड लागलंय का तुम्हाला?" "अगदी. बोल." ती बोलली, दूध, धोबी, मुलाची दाढी गेली ते बरं झालं, आप्पांच्या सदऱ्याचं बटण. आप्पा ऐकत राहिले, गाडी हलेपर्यंत फलाटावर उभा राहिलेला माणूस खिडकीतल्या माणसाकडे बघतो तसे. "अहो, डोळ्यांत काय गेलं?" ती म्हणाली, शेवटी चढून, थबकून. "काही नाही. चल रे."

दवाखान्यात यंत्र कानात बसलं आणि जग आत शिरलं, चपला न काढता. खुर्ची करकरली, कागद फाटल्यासारखे वाजले, पंख्याला एवढं बोलायचं होतं हे कोणाला ठाऊक! "आप्पा?" मुलगा म्हणाला, आणि आप्पा दचकून वळले, कारण हाक मारली होती त्यांच्या वडलांनी. तोच खर्ज, तीच धाप. वडील जाऊन किती वर्षं झाली, आणि हा आवाज या घरात रोज बोलत होता, आणि आपण तो पुटपुटणं समजत होतो. त्यांनी मुलाचा हात धरला तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही. घरी चिंगी दारातच ओरडली, आणि तिचा आवाज बहिणीसारखा मुळीच नव्हता, चिंगीसारखा होता, पहिल्यांदाच. कारागीर भराभर कांड्या बदलत होता. आप्पा श्वास रोखून सोफ्यावर बसले. आतून, स्वयंपाकघरातून, कोणीतरी म्हातारी चिंगीला हाक मारत होती. आवाज फाटलेला, खरखरीत, दोनदा खोकून सुरू झालेला.

"कोण आलंय गं?" आप्पांनी सूनबाईला विचारलं.

"कोणी नाही, आप्पा," सूनबाई म्हणाली. "आईच आहेत."

म्हणजे झालं, आप्पांना वाटलं. ते दाराकडे बघत राहिले. माई हात पुसत बाहेर आली, त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाली, "काय, येतंय का ऐकू?"

जाडसर. शेवटी चढला. थबकला.

आप्पा उठूनच उभे राहिले. "येतंय! अगं, येतंय! अगदी तोच, काही म्हणजे काही बदललेलं नाही!" त्यांनी मुलाकडे पाहिलं, सूनबाईकडे पाहिलं. दोघं एकमेकांकडे बघत होती. मग चिंगी म्हणाली, "पण आजोबा, आजी तर काही बोललीच नाही."

"बोलली की."

"नुसतं तोंड हलवलं. आजी तुमच्याशी नेहमी तसंच बोलते."

सूनबाईनं मान खाली घातली. "खरंय, आप्पा. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, तुम्ही दोघं भांडताय आणि माझ्यासमोर नको म्हणून आवाज बंद ठेवलाय. मग वाटलं, तुमचं काही खाजगी असेल. मग सवय झाली."

माईनं तोंडावर आडवा हात धरला. मग तो काढून ती म्हणाली, "मी आवाज काढत नव्हते?" आणि हेसुद्धा यंत्रात आलं नाही, खोलीत फक्त पंखा बोलत होता. हळूहळू तिला आठवलं, आणि तिच्या ओठांवरून आप्पांना. मुलगा पाळण्यात होता, नुकता निजलेला असायचा, आप्पा पाळीवरून यायचे ते कानांत सगळं खातं घेऊन, बोललेलं त्यांना रात्रीपर्यंत ऐकू यायचं नाही; मग आवाज कशाला काढायचा, पोर मात्र उठायचं. तिनं नोकरी सोडली होती, पण ती बोली घरी आणली होती. पुढे पोर उठलं, शिकलं, साहेब झालं; आवाज काढायचा राहून गेला तो राहूनच गेला. एक बहिरा झाला, दुसरी मुकी झाली, आणि दोघांत कधी एका शब्दाची चुकामूक झाली नाही. सगळ्या जगाशी ती आवाजानं बोले. फक्त नवऱ्याशी नाही, आणि त्याच एका माणसाला तिचा आवाज चोवीस तास ऐकू येत होता.

आप्पा पुन्हा सोफ्यावर बसले. आपल्या डोक्यातल्या त्या कारागिराला त्यांनी मनातल्या मनात हात जोडले. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की तो एकटा नव्हता, समोर कपाळावर चष्मा चढवून उभ्या असलेल्या माईच्या डोक्यातही कोणीतरी, तिचा न काढलेला आवाज तिलाच ऐकवत, तितक्याच निमूटपणे आपली पाळी करत आलं होतं.

"आई," मुलगा आप्पांच्या वडलांच्या आवाजात म्हणाला, "एकदा मोठ्यानं बोल की आप्पांशी."

माई लाजली. इतकी, की चिंगी हसायला लागली. तिनं दोनदा खोकून घसा साफ केला, पदराशी चाळा केला, आणि मघाच्या स्वयंपाकघरातल्या त्या फाटक्या, अनोळखी, म्हाताऱ्या आवाजात म्हणाली, "अहो."

आप्पांनी सदरा नीट केला. पहिल्यांदाच ओळख होणाऱ्या बाईशी बोलावं तसं, जरा अदबीनं ते म्हणाले, "तुमचा आवाज असा आहे होय?"

ती हसली. आवाजानं की बिनआवाजानं, ते मात्र चिंगीलाच विचारावं लागेल.